ओढेल हो, पण थांबेल का?

दसरा झाला की नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या ट्रेलर बनवायच्या शेडपुढे दोन तऱ्हेची माणसं उभी राहतात. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीतले बागायतदार, आणि पाऊस उघडला म्हणून रस्त्यांची नि शेततळ्यांची कामं धरलेले ठेकेदार. दोघांचा प्रश्न एकच: "ताई, एवढं वजन ओढेल ना?" शेड अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेली. ते अशा वेळी आधी चहा सांगायचे आणि मग विचारायचे, "ओढेल हो. थांबेल का?" गिऱ्हाईक हसायचं. अण्णा हसायचे नाहीत.

या सदराला आलेल्या या महिन्याच्या पत्रांतही ओढण्याचीच काळजी जास्त आहे. आठ पत्रं निवडली. गावं दिली आहेत, नावं नाहीत. एका पत्रात बायकोला कळू देऊ नका अशी विनंती आहे आणि दुसरं पत्र बायकोनेच लिहिलंय. ही दोन घरं वेगळी आहेत, मी खात्री करून घेतली.

प्रश्न : माझ्याकडे द्राक्षबागेचा मिनी ट्रॅक्टर आणि औषध फवारायचा ६०० लिटरचा ब्लोअर आहे. यंदा वणीच्या बाजूला तीन एकर बाग खंडाने घेतली. ट्रॅक्टर चालवत न्यायला सव्वा तास जातो, आठवड्याला दोन खेपा. घरी पिकअप आहे, तिच्यामागे जोडायला दोन चाकी ट्रेलर बनवून मिळेल का? भाऊ म्हणतो, कशाला, मोठ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच चढवू. (मोहाडी, ता. दिंडोरी)

उत्तर : दादा, बनवून मिळेल, पण मी देणार नाही. कारण सांगते.

पहिलं म्हणजे वजन. मिनी ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात सात-आठशे किलो छापलेलं असतं, पण तो कोरा ट्रॅक्टर. तुमच्या मागच्या चाकांत पाणी भरलंय का, पुढे वजनं लावलीत का, हे पत्रकाला ठाऊक नाही. एकदा बाजार समितीजवळच्या काट्यावर चढवून पावती घ्या. धरून चालू की ट्रॅक्टर ९०० किलो, रिकामा ब्लोअर ३०० किलो, ट्रेलर स्वतः ५०० किलो. झाले १७०० किलो. आणि गडी घाईत टाकीत औषधाचं पाणी तसंच ठेवणार, म्हणजे वर आणखी ६०० किलो. अर्धी भरलेली टाकी तर भरलेलीपेक्षा वाईट. वळणावर पाणी एका अंगाला जातं आणि तुम्ही वळण सोडलं तरी ते अजून तिकडेच असतं.

हे सगळं तुमची पिकअप कदाचित ओढेलही. पण तिच्या कंपनीने मागे काही ओढायची क्षमता लिहून दिली आहे का, ते पुस्तिकेत बघा. दिली नसेल तर हूक लावूच नका. शिवाय ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी लागते, नंबर लागतो आणि नोंदणीसाठी त्या नमुन्याची पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या संस्थेकडून मान्यता लागते. कोपऱ्यावरचा वेल्डर चार दिवसांत ट्रेलर उभा करून देईल, तो कागदावर मात्र कधीच उभा राहणार नाही.

मग करायचं काय? ट्रॅक्टर पिकअपच्या हौद्यात घाला. हौद्याची लांबी-रुंदी आणि आरसी बुकातलं वजन जुळवून बघा, बागेचे अरुंद ट्रॅक्टर बहुधा बसतात. ब्लोअर मात्र सुटा करून वणीलाच ठेवा आणि घरच्या बागेसाठी दुसरा जुना बघा. ट्रेलरच्या पैशांत तो येईल असा माझा अंदाज आहे. चढवताना जपा. हौदा जमिनीपासून ८० सेंटिमीटर आणि रॅम्प आठ फुटी असेल तर चढ १९ अंशांच्या पुढे जातो. अशा चढावर ट्रॅक्टर तोंडाने घातला तर पुढची चाकं उचलतात. रिव्हर्समध्ये चढवा. आणि रॅम्प पिकअपला साखळीने बांधल्याशिवाय चाक टेकवू नका, नाहीतर चाकाच्या रेट्याने रॅम्प मागे सटकतो आणि ट्रॅक्टर अधांतरी राहतो. त्याहून सोपं सांगू? पिकअपची मागची बाजू बांधाला लावा. बांध म्हणजे फुकटचा रॅम्प.

भावाला सांगा, ट्रॉली कांद्यासाठी ठीक. तिचा तळ मीटरभर उंच असतो आणि आत ट्रॅक्टर बांधायला एकही कडी नसते.

प्रश्न : अकरा टनांचा व्हायब्रेटर रोलर आणि वीस टनांचा पोकलेन आहे. जुना तीन ॲक्सलचा लो-बेड (मशिनं न्यायचा बुटका ट्रेलर) मिळतोय, वर ४० टन क्षमता लिहिली आहे. दोन्ही मशिनं एका खेपेत जावीत. हॉर्स, म्हणजे ओढणारा ट्रक, एका मागच्या ॲक्सलचा आहे. घेऊ का? (सिन्नर)

उत्तर : काका, वजनाच्या आधी टेप काढा. वीस टनी पोकलेन बूम दुमडून साडेनऊ मीटरच्या आसपास भरतो, रोलर सहा मीटरच्या आसपास. साडेपंधरा मीटरचा डेक तुमच्या लो-बेडला नाही. दोन खेपा कराव्या लागणार, विषय संपला. टनांच्या हिशेबात माणसं इतकी गुंततात की मीटर विसरतात.

तरी वजनाचंही बघूच, कारण ४० टनांचा तो आकडा रंगाने लिहिलेला आहे, आरसी बुकात नाही. दोन्ही मशिनं मिळून ३१ टन, रिकामा लो-बेड ११ टन धरा, झाले ४२. केंद्र सरकारच्या जुलै २०१८च्या अधिसूचनेनुसार बारा टायरच्या तीन ॲक्सलच्या गटावर जास्तीत जास्त २७ टन चालतात. उरलेले १५ टन जाणार कुठे? किंगपिनवरून, म्हणजे ट्रेलर हॉर्सला अडकवणाऱ्या खुंटीवरून, तुमच्या हॉर्सच्या मागच्या ॲक्सलवर. त्या एका ॲक्सलला, चार टायरवर, मर्यादा ११.५ टन, आणि त्यात हॉर्सचं स्वतःचं मागचं वजनही धरायचं. मागे जोड ॲक्सलचा हॉर्स असता तर २१ टनांपर्यंत जागा होती. एकटा पोकलेन नेताना हाच हिशेब सुटतो, पण तेव्हाही तो डेकवर कुठे उभा करता त्यावर किंगपिनवर किती येणार हे ठरतं. रिकामा आणि भरलेला, दोन्ही पावत्या घ्या, आणि हॉर्सचे ॲक्सल व ट्रेलरचे ॲक्सल काट्यावर वेगवेगळे चढवा. काटेवाला कुरकुर करेल, करू द्या.

आणखी एक. पोकलेनच्या चेनला ६०० मिलिमीटरच्या पट्ट्या असतील तर रुंदी २.८ मीटरच्या आसपास जाते, काही मॉडेल तर त्याहून रुंद. रस्त्यावर २.६ मीटरपर्यंत चालतं. त्यापुढे ओडीसी, म्हणजे जादा मापाच्या मालाची परवानगी. सगळे तसेच नेतात, हे मलाही माहीत आहे. अपघात झाला की विमा कंपनीलाही ते माहीत होतं.

आता जुना लो-बेड बघायला जाल तेव्हा. नवा रंग दिसला की मी खिशातून नाणं काढते. गूझनेकची, म्हणजे हॉर्सवर टेकणाऱ्या पुढच्या भागाची मान जिथे डेकला मिळते तिथे खालून खरवडते. दोन वर्षांपूर्वी मला असाच एक दाखवला होता. लालभडक रंग, नंबर प्लेटला हार घातलेला. खरवडल्यावर खाली पट्टी मारलेली, पट्टीवर दुसरी पट्टी, आणि दोन्हींच्या मधून केसासारखी चीर. मालक म्हणाला, "ते डिझाइनच तसं आहे." हार काढून मी नंबर बघितला तर चॅसीवरचा आणि आरसी बुकातला शेवटचा आकडा जुळत नव्हता.

नाण्यानंतर जाडी मोजायचा व्हर्नियर. दोन इंची किंगपिन कोरा ५०.८ मिलिमीटरचा असतो. ४९ झाला की बदलायचा, पुढे चर्चा नाही. मग टेपने किंगपिनपासून पहिल्या ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर खातो. शेवटी डेकच्या कडेने सुतळी ताणा. रिकामा डेक मधून किंचित वर उचललेला असावा. पोट खाली आलं असेल तर त्याने आयुष्यभराचं वजन वाहून झालेलं आहे.

रोलरसाठी रॅम्पवर लाकडी फळ्या असू द्या. ओल्या लोखंडावर गुळगुळीत ड्रम म्हणजे शेवाळावर पडलेला पाय.

प्रश्न : मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे. जीपमागे जनरेटरची दोन चाकी ट्रॉली. पन्नासच्या पुढे गेलं की ट्रॉली शेपूट हलवते. टायर बदलले, पाटे बदलले, मिस्त्री बदलला. (ओझर)

उत्तर : मिस्त्रीला परत बोलवा, त्याची चूक नाही. वायरच्या पेट्या कुठे ठेवता, ते लिहिलं नाहीत, पण मी सांगते: मागे, जनरेटरच्या दारापलीकडच्या फळीवर. कारण कार्यक्रमाच्या ठिकाणी आधी वायर लागते.

दोन चाकी ट्रॉलीच्या तोंडाशी, म्हणजे हूकवर, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. तोंड हलकं झालं की मागचं धूड पुढच्याला हलवायला लागतं. तुमची ट्रॉली सगळं धरून १८०० किलोची असेल तर तोंडाला १८० ते २७० किलो. हे मोजायला आमच्याकडे यायची गरज नाही. आपल्याकडे दर दुसऱ्या घरी कांद्याचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, ३०० किलोचा. सपाट जागा बघा, ट्रॉलीच्या चाकांना दगड लावा, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवा आणि ट्रॉलीचं तोंड जीपच्या हूकइतक्या उंचीवर त्या ठोकळ्यावर टेकवा. पाय मधे घालू नका. आकडा वाचा.

समजा आकडा १०० आला. पेट्या २०० किलोच्या, ॲक्सलच्या मागे १.८ मीटरवर आणि तोंड ॲक्सलच्या पुढे ३ मीटरवर. त्या पेट्यांनी तोंडावरचे १२० किलो उचलून धरलेले आहेत. त्याच पेट्या ॲक्सलच्या पुढे ६० सेंटिमीटरवर ठेवल्या तर उलट ४० किलो तोंडावर येतील. एका पैशाचाही खर्च न करता १६० किलोचा फरक, आणि आकडा जातो २६० वर. पेट्यांना पुढे पत्र्याचा कप्पा करून घ्या, म्हणजे पोरं पुन्हा मागे टाकणार नाहीत.

तोवर शेपूट हललंच तर ब्रेकवर उभं राहू नका. स्टिअरिंग सरळ धरा आणि पाय हळूहळू ॲक्सिलरेटरवरून काढा. आणि जीपच्या हूकचंही तेच, कंपनीने परवानगी दिली आहे का ते बघा. दिंडोरीकरांना सांगितलं तेच तुम्हालाही.

प्रश्न : सात टनांचा पोकलेन बांधायला चेन घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, तीन सूत चेन भरपूर झाली. (पेठ)

उत्तर : सुतावर चेनची ताकद कळत नाही. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. किलोवर मिळणारी काळी चेन त्या जाडीची असली तरी ती किती धरेल हे दुकानदारालाही सांगता येत नाही, कारण तिच्यावर काही लिहिलेलंच नसतं. कडीवर ८ किंवा ८० असा ठसा असलेली, ग्रेड ८०ची घ्या. १० मिलिमीटरच्या अशा चेनची उचलण्याची सुरक्षित क्षमता ३.१५ टन आहे. बांधण्यासाठी याहून मोठा आकडा धरतात, मी भित्री आहे, हाच धरते.

युरोपातल्या दंडकाप्रमाणे माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या ८० टक्के जोर धरता आला पाहिजे, बाजूला आणि मागे ५० टक्के. सात टनांचे ८० टक्के म्हणजे ५.६ टन. मागे खेचणाऱ्या दोन चेन सरळ असत्या तर ६.३ टन. पण चेन खालच्या कडीकडे तिरकी जाते. जमिनीशी ३० अंशांचा कोन असेल तर साडेपाचच्या आसपास उरतात, ४५ अंश झाला तर साडेचारही नाहीत. म्हणून चेन शक्य तितकी आडवी घ्या, चार कोपऱ्यांना चार, आणि चेनपट्ट्यांखाली लाकूड असू द्या. लोखंडावर लोखंड सरकतं.

बकेट डेकवर टेकलेली, फिरण्याचं लॉक लावलेलं. चेन खालच्या सांगाड्याच्या कड्यांतून, हायड्रॉलिक पाइपवरून कधीही नाही. ताण द्यायला रॅचेट बाइंडर घ्या. लांब दांड्याचा लिव्हर स्वस्त पडतो, पण तो सुटला की उलटा येतो. आमच्या शेडमधल्या एका मिस्त्रीचे पुढचे दोन दात त्यात गेले आणि तेव्हापासून तो लग्नात पानही खात नाही.

निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरवर थांबून चेन पुन्हा ओढा. मशीन डेकवर बसतं आणि चेन ढिली पडते. सावळ घाटाच्या आधी ओढा, मधे नको.

प्रश्न : आमचे हे शेतीच्या ट्रॉलीतून भाड्याने मिक्सर, कॉम्प्रेसर, कधी छोटा रोलरही नेतात. मी विचारलं की म्हणतात, विमा आहे ना. खरंच चालतं का हो? (निफाड)

उत्तर : ताई, विम्याचा कागद तुम्ही स्वतः काढून बघा. दोन गोष्टी शोधा. ट्रॉलीचा नंबर त्यात आहे का, की फक्त ट्रॅक्टरचा? आणि वापर काय लिहिलाय? शेतीसाठी नोंदलेली ट्रॉली भाड्याच्या मालासाठी वापरली आणि काही घडलं, तर कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. तोवर विमा आहे, त्यानंतर नाही. दंडाचंही ऐकवा त्यांना. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. मिक्सरचं भाडं किती मिळतं, ते तुम्ही मला सांगू नका, पण त्यांना विचारा.

आणि आज संध्याकाळीच दोन गोष्टी बघा. ट्रॅक्टरचे ब्रेक दोन चाकांना दोन वेगळे पेडल असतात, रस्त्यावर ते पट्टीने जोडलेले हवेत. शेतात वळायला पट्टी काढतात आणि तशीच विसरतात. मग मागे वजन असताना एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. दुसरी, ट्रॉलीच्या मागचा दिवा आणि चमकणारी लाल पट्टी. उसाच्या दिवसांत अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळलेल्या मोटारसायकली तुम्ही निफाडच्या रस्त्याला पाहिल्याच असतील.

प्रश्न : जुनी पद्मिनी गाडी बारा वर्षं खपून नीट केली. मुंबईला दाखवायला न्यायची आहे. खर्चाचं घरी कळू देऊ नका. (कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : नऊशे किलोच्या आसपासची गाडी आहे, तिच्यासाठी ट्रेलर विकत घेऊ नका. सपाट डेकचा, डेक सरकून खाली टेकणारा ट्रक भाड्याने सांगा. पट्टे टायरवरून बांधायला लावा. चॅसीला बांधले तर गाडी स्प्रिंगवर खालीवर होते, पट्टे ढिले-घट्ट, ढिले-घट्ट होत तुटतात किंवा बारा वर्षांचा रंग खातात. तोंड पुढे, हँडब्रेक, गिअरमध्ये, बॅटरीची तार काढलेली, पेट्रोल थोडंच. घरच्यांचं बघा बुवा तुम्ही. आमच्याकडे त्यावर पट्टा नाही.

प्रश्न : सात टनांच्या मशीनसाठी ट्रकमागे ओढायचा ट्रेलर नोंदणीकृत उत्पादकाकडून घेतोय. त्याच्याकडे डेकला पाच आणि आठ मिलिमीटर पत्र्याचे दोन पर्याय आहेत. मजबूत असावा म्हणून आठ घेऊ ना? (चांदवड)

उत्तर : ही चूक मी केलेली आहे, त्यामुळे सविस्तर सांगते.

शेड माझ्या हातात आली तेव्हाचं पहिलं मोठं काम असंच होतं. दोन ॲक्सलचा ट्रेलर, एकूण वजन दहा टन नोंदायचं, गिऱ्हाइकाचं मशीन सात टनांचं. म्हणजे ट्रेलर तीन टनांत बसायला हवा होता. मला वाटलं, बाईने बनवलाय म्हणून कोणी नाव ठेवायला नको, सगळं एक नंबर जाड. सहा बाय अडीच मीटरचा डेक, वर आठ मिलिमीटरची चेकर प्लेट, म्हणजे नक्षीचा पत्रा. तिचाच भार मीटर चौरसाला ६५ किलोच्या आसपास, पंधरा मीटर चौरसाचे झाले पावणेदहाशे किलो. खाली दोनशे मिलिमीटरची लोखंडी चॅनेल, जिथे दीडशेची चालली असती. दोनशेची मीटरला बावीस किलो, दीडशेची सोळा-सतरा. असं चाळीस-पन्नास मीटर.

काट्यावर गेला तेव्हा रिकामा भरला ४ टन ६० किलो. म्हणजे माल वाहायला उरले सहा टनही नाहीत. गिऱ्हाईक काट्याच्या खिडकीशी पावती हातात धरून उभा होता, काही बोलला नाही, पावतीची घडी घालून माझ्या हातात दिली. अण्णा तेव्हा घरी पडून होते. मी सांगितल्यावर एवढंच म्हणाले, "पोलाद विकत घेतलंस, ट्रेलर नाही बनवलास."

अकरा दिवस लागले सगळं कापून पुन्हा करायला, आणि मजुरी आमची. चाकं किंवा चेन जिथून चढते त्या दोन पट्ट्यांपुरताच पत्रा ठेवला, मधे आणि कडेला बाभळीच्या फळ्या. चॅनेल दीडशेची घेतली पण आडव्या टेकूंचं अंतर कमी केलं. पत्रा वाकतो तो पातळ असल्यामुळे कमी आणि खालचे टेकू लांब लांब असल्यामुळे जास्त. तेव्हा उत्पादकाला जाडी विचारण्याआधी टेकूंमधलं अंतर विचारा, आणि रिकाम्या ट्रेलरचं वजन किती हे लेखी मागा. ती घडी घातलेली पावती माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे.

प्रश्न : पोकलेन घेऊन कसारा घाट उतरतो. ब्रेकचा वास येतो. किती गरम झालं तर धोक्याचं? (घोटी)

उत्तर : भाऊ, आधी हिशेब ऐका. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, कसारा सुमारे ३०० मीटरवर. गाडी, ट्रेलर, मशीन मिळून २० टन धरले तर तीनशे मीटर खाली येताना जी शक्ती सुटते ती विजेच्या भाषेत १६ युनिट. दीड किलोवॉटचा गीझर अकरा तास चालावा एवढी उष्णता, आणि ती तुम्ही घाट उतरण्याच्या वेळात सोडता. यातली इंजिनाने जेवढी धरली तेवढी धरली, थोडी टायरात नि वाऱ्यात गेली, बाकी सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये. म्हणून ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, तोही वर, उतार सुरू व्हायच्या आधी टाका. न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे अजून आहेत. ब्रेक एकसारखा दाबून धरू नका, जोरात लावा, वेग खाली आणा, सोडा, ड्रमला वारा लागू द्या.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ला उघडला, त्याच्या आठेक किलोमीटरच्या बोगद्याने हा घाट टळतो. टोल आणि ब्रेक लायनर यांचा हिशेब तुमच्या मालकाने करावा. ट्रॅक्टर-ट्रॉलीला तिथे मनाई आहे, हे निफाडच्या ताईंच्या घरी कळवायला हरकत नाही.

किती गरम, याला मी आकडा देणार नाही. घाटनदेवीला हात जोडायला थांबताच ना सगळे? तिथे एकदा सगळ्या हबजवळ हात नेऊन बघा, तळवा नाही, मागची बाजू, आणि टेकवायचा नाही. घाट उतरल्यावर कसाऱ्याला जागा बघून परत तसंच करा. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग गेलंय. पण बाकीचे सगळे तापलेत आणि एकच गार आहे, असं झालं तर तापलेल्यांना दोष देऊ नका. गार आहे त्याचा ब्रेक लागतच नाही, आणि त्याच्या वाटचं काम बाकीचे करताहेत.